लांबून बोट दाखवायचं कसं? मिक्स्ड रिॲलिटीतून मिळणारी मदत, सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ हा मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा बनवणं थांबवलं आणि तेव्हापासून एकच सूर ऐकू येतोय, की बघा, मिक्स्ड रिॲलिटीचा फुगा फुटला. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलने साडेतीन हजार डॉलरचा व्हिजन प्रो विकायला काढला होता आणि २०२५ मध्ये सॅमसंगनेही स्वतःचा गॅलेक्सी एक्सआर आणला. एक कंपनी बाहेर पडतेय, दुसरी आत शिरतेय, आणि आपल्यासारख्याला कळतच नाही की हे एवढे महागडे चष्मे नक्की कशासाठी आहेत, गेम खेळायला, सिनेमा बघायला की नुसतं मिरवायला.

या सगळ्या गडबडीत एका कामाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते या चष्म्यांचा सगळ्यात भक्कम उपयोग तोच आहे. मशीन उघडून बसलेला एक माणूस इथे, ते मशीन कोळून प्यायलेला जाणकार हजारो किलोमीटर लांब, आणि त्या जाणकाराने लांबूनच याच्या हातून काम नीट करून घ्यायचं. ऐकायला साधं वाटतं, पण यात जी गोष्ट अवघड आहे असं वाटतं ती अवघड नाहीये, आणि जी किरकोळ वाटते तिथेच सगळं अडतं.

आधी नावं उरकून घेऊ

व्हीआर म्हणजे डोळे पूर्ण झाकायचे, समोर दिसतं ते सगळं खोटं, कॉम्प्युटरने बनवलेलं. एआर म्हणजे खरं जग दिसतंय आणि त्यावर वर काहीतरी चित्र किंवा मजकूर येतोय. मिक्स्ड रिॲलिटी हा शब्द १९९४ मध्ये पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांच्या पेपरमुळे रुळला, त्यांचं म्हणणं होतं की एका टोकाला अस्सल जग, दुसऱ्या टोकाला पूर्ण बनावट जग, आणि मधलं सगळं मिक्स्ड. आज मात्र कंपन्या हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने वापरतात. ते बनावट चित्र खऱ्या वस्तूला धरून राहतं, तुम्ही मान वळवली किंवा चार पावलं चाललात तरी जागा सोडत नाही, याला ते मिक्स्ड रिॲलिटी म्हणतात. इथून पुढे मी नुसतं एमआर म्हणेन.

आणि हे सगळं गेममधून आलंय असा समज असेल तर तो चुकीचा आहे. 'ऑगमेंटेड रिॲलिटी', म्हणजे एआर, हे नाव १९९० च्या सुमारास बोईंगमध्ये काम करणाऱ्या टॉम कॉडेल यांनी दिलं, तेही विमानातल्या वायरिंगच्या कामासाठी, कारण शेकडो वायरी कुठून कुठे न्यायच्या हे कामगाराला कागदात मान घालून शोधावं लागायचं आणि ते त्याच्या डोळ्यांसमोरच दिसलं तर बरं, असा साधा हिशोब होता. म्हणजे या कल्पनेचं बारसंच शॉपफ्लोअरवर झालंय.

अडचण सांगण्यात नाही, दाखवण्यात आहे

दोन माणसं एकाच मशीनवर वाकून काम करतात तेव्हा त्यांचं बोलणं नीट ऐका. 'हा काढ', 'तो नको, त्याच्या मागचा', 'हां, आता जरा असा फिरव'. हे रेकॉर्ड करून तिसऱ्याला ऐकवलं तर त्याला काहीही कळणार नाही, कारण निम्मं काम शब्दांनी नाही तर बोटाने, नजरेने आणि हाताच्या हालचालीने होतंय. आता हेच फोनवर करून बघा. 'डावीकडचा काळा कनेक्टर काढा.' 'माझ्या डावीकडचा का मशीनच्या?' 'तुमच्या.' 'काळे दोन आहेत.' 'वरचा.' 'वर तर काहीच नाहीये.' सगळा वेळ यातच जातो, आणि मग वैतागून माणूस जो हाताला येईल तो ओढतो.

यावर संशोधन बरंच जुनं आहे. १९९६ मध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी लोकांना सायकल दुरुस्त करायला बसवलं, काहींना एकट्याने आणि काहींना लांबच्या जाणकाराच्या मदतीने. जाणकार सोबत असला की काम चांगलं झालं, यात नवल काही नाही, पण व्हिडिओ दिल्यामुळे निकालात म्हणावा तसा फरक पडलाच नाही. बोलण्याची पद्धत बदलली, जाणकार न विचारता आपणहून सांगायला लागला, पण सायकल काही जास्त चांगली दुरुस्त झाली नाही. पुढे सुझन फसेल आणि त्यांच्या टीमने खेळण्यातला रोबो जोडायला देऊन हाच प्रश्न उलटसुलट करून पाहिला. व्हिडिओवर नुसता कर्सर फिरवून 'हे' असं दाखवता आलं तर लोकांना ते आवडलं, पण काम लवकर झालं नाही. पेनाने व्हिडिओवर रेघ ओढता यायला लागली, बाण, गोल, असा फिरव म्हणून वळण काढता यायला लागलं, तेव्हा कुठे वेळ वाचला. म्हणजे लांबच्या माणसाला नुसतं दिसून भागत नाही, त्याला हातवारे करता आले पाहिजेत.

आरशावरची टिकली

मग व्हिडिओ कॉलवरच रेघा ओढू की, असं वाटेल. तशी ॲप्स आहेतही. पण एक घोळ आहे. आरशावर चिकटवलेली टिकली बरोबर आपल्या कपाळावर आली असं वाटतं, पण जरा बाजूला सरकलं की कपाळ भलतीकडे आणि टिकली होती तिथेच, कारण ती काचेवर आहे, कपाळावर नाही. साध्या व्हिडिओवर काढलेला बाण हा असाच काचेवरचा असतो. कॅमेरा हलला की बाण भलत्याच बोल्टकडे बोट दाखवायला लागतो. आणि कॅमेरा डोक्यावर बसवलेला असेल तर तो हलणारच, माणूस पाना उचलायला खाली वाकतो, शेजारच्याशी बोलायला वळतो, त्याला पुतळ्यासारखं स्थिर बसून काम कसं करता येईल.

एमआर इथे कामाला येतं. ते बाण काचेवरून काढून खऱ्या बोल्टवर नेऊन लावतं. इतकंच, बाकी होलोग्राम बिलोग्राम हा सगळा जाहिरातीचा भाग.

हे जमतं कसं

बाण बोल्टला चिकटून राहायचा तर चष्म्याला दोन गोष्टी सतत माहीत हव्यात, समोरच्या वस्तू किती अंतरावर आणि कुठल्या आकाराच्या आहेत, आणि स्वतः तो चष्मा या क्षणी कुठे आहे व कुठे बघतोय. होलोलेन्स २ मध्ये डोक्याची हालचाल टिपायला ४ कॅमेरे आहेत, अंतर मोजणारा वेगळा सेन्सर आहे जो अदृश्य प्रकाश टाकून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, शिवाय मोबाईलमध्ये असतात तसे झुकणं-वळणं ओळखणारे सेन्सर. हे सगळं मिळून खोलीचा एक जाळीसारखा नकाशा बनत जातो आणि त्याच नकाशात आपण कुठे आहोत हेही सेकंदाला अनेक वेळा तपासलं जातं. जो नकाशा अजून पुरा झालेला नाही त्यातच स्वतःची जागा शोधायची, अशी ही कसरत आहे.

आता लांबचा जाणकार लॅपटॉपवर बाण काढतो. त्याच्या स्क्रीनवर तो बाण सपाट आहे, त्याला खोली नाही. मग सिस्टीम चष्म्याच्या कॅमेऱ्यापासून त्या बिंदूतून एक सरळ रेष पुढे सोडते आणि ती जाळीला जिथे धडकेल तिथे बाण ठेवते. जाळी जाडीभरडी असते, त्यामुळे भिंत, टेबल, पॅनेलचं दार यावर बाण मस्त बसतो पण बारीक वायर किंवा चकचकीत पाइप असेल तर रेष कधीकधी आरपार जाऊन मागच्या भिंतीवर बाण लागतो, आणि कामगार म्हणतो, अहो तुम्ही भिंतीला कशाला बाण काढताय.

अजून एक छोटी पण हुशारीची गोष्ट आहे. जाणकार बाण काढायला लागेपर्यंत समोरचा माणूस हललेला असतो. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या रिमोट असिस्ट या लांबून मदतीच्या ॲपमध्ये जाणकाराने काढायला सुरुवात केली की त्याच्यापुरतं चित्र गोठतं, तो निवांत बाण काढतो, आणि सिस्टीमला माहीत असतं की ते चित्र टिपलं तेव्हा चष्मा नेमका कुठे होता, त्यावरून बाण योग्य जागी जातो. इकडे कामगाराचं काम थांबत नाही.

खरंच कुठे वापरलंय का हे?

सगळ्यात लांबचं उदाहरण म्हणजे अंतराळ स्थानक. नासाने साइडकिक नावाने हा प्रयोग केला. जून २०१५ मध्ये पहिले होलोलेन्स घेऊन निघालेलं फाल्कन ९ रॉकेट उडाल्यावर दोनेक मिनिटांतच फुटलं. त्यानंतर जुलैमध्ये फ्लोरिडाजवळ समुद्राखालच्या ॲक्वेरियस तळावर चाचणी झाली, डिसेंबरमध्ये दुसरी जोडी वर गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अंतराळवीर स्कॉट केली यांनी ती वापरली, खालून तज्ज्ञ त्यांना दिसतंय तेच बघून सूचना देत होते.

मला जास्त पटलेलं उदाहरण मात्र लंडनचं आहे. २०२० मध्ये कोविडच्या वॉर्डात इम्पिरियल कॉलेज हेल्थकेअर ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी एकाच डॉक्टरला होलोलेन्स घालून आत पाठवलं आणि बाकीची टीम बाहेर सुरक्षित खोलीत स्क्रीनवर बघत, त्याच्याशी बोलत, एक्स-रे त्याच्या डोळ्यांसमोर पाठवत बसली. ट्रस्टने सांगितलं की धोक्याच्या जागी कर्मचाऱ्यांचा जाणारा वेळ ८३ टक्क्यांपर्यंत कमी झाला आणि एका वॉर्डात आठवड्याला ७०० पर्यंत पीपीई वस्तू वाचल्या. यात भारी थ्रीडी चित्रं वगैरे फार नव्हती, पाच जणांनी आत जायच्या ऐवजी एक गेला, हाच फायदा.

आपल्याकडेही त्याच काळात हा विषय कारखान्यांपर्यंत आला, आणि कारण उघड आहे. मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती मार्च २०२२ च्या शेवटी पूर्ववत सुरू झाली. जर्मनीचं किंवा जपानचं मशीन बसवायला, बिघडलं तर उघडायला तिकडचा इंजिनिअर येणार ही ज्यांची सवय होती त्यांना दोन वर्षं दुसरा काहीतरी मार्ग काढणं भाग होतं. आता विमानं सुरू आहेत, पण तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि तोपर्यंत बंद पडलेली लाइन हा हिशोब एकदा मांडला की लोकांना लांबूनची मदत आठवतेच.

'पण व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल फुकट आहे की'

आहे, आणि बऱ्याच वेळा तोच पुरतो, हे सरळ मान्य करायला काही हरकत नाही. एकच सुटं बटण दाबायचं असेल, एमसीबी कुठला पडलाय ते सांगायचं असेल, तर लाखोंचा चष्मा घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्याच्या एक पायरी वर मोबाईलवरचा एआर आहे. २०१७ मध्ये ॲपलने एआरकिट आणि २०१८ मध्ये गुगलने एआरकोर ही एआर ॲप बनवायची साधनं आणल्यापासून साध्या चांगल्या फोनलाही बाण वस्तूवर चिकटवून ठेवता येतो, म्हणजे टिकलीचा घोळ फोनमध्येच सुटतो.

मग चष्मा कधी? दोन्ही हात अडकलेले असतील तेव्हा. शिडीवर चढलेला वायरमन, पॅनेलच्या आत दोन्ही हात घातलेला फिटर, ग्लोव्ह्ज रक्ताने भरलेला सर्जन, यांनी फोन कुठे धरायचा. फोन धरायला हेल्पर उभा केला तर तो जाणकाराला जे हवंय ते सोडून भलतंच दाखवत बसतो, 'जरा डावीकडे घे, अरे जास्त झालं' हे पुन्हा सुरू. दुसरा निकष म्हणजे काम लांबलचक आणि पायऱ्यापायऱ्यांचं असणं. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर फोनच बरा.

मधला एक मार्गही आहे, डोळ्याच्या खाली कोपऱ्यात छोटा स्क्रीन असलेले, आवाजावर चालणारे आणि हेल्मेटला अडकवता येणारे रिअलवेअरसारखे हेडसेट. त्यात बाण वस्तूला चिकटत नाही, त्यामुळे ते खरं एमआर नाहीच, पण हात मोकळे राहतात आणि धुळीत, आवाजात टिकतात. कारखान्यातले लोक त्यालाच पसंती देताना दिसले तर आश्चर्य वाटायला नको.

'घालून डोकं दुखतं म्हणे'

दुखतं, आणि याचं कारण फक्त वजन नाही. होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम आहे, व्हिजन प्रो ६०० च्या वर, आठ तासांच्या शिफ्टला हे कोणी घालणार नाही हे सांगायला तज्ज्ञ नको. पण खरी मेख डोळ्यांत आहे. आपण जवळची वस्तू बघतो तेव्हा दोन्ही डोळे आत वळतात आणि आतलं भिंग जवळचा फोकस धरतं, या दोन्ही हालचाली एरवी जोडीने होतात. होलोलेन्समधलं चित्र मात्र कायम साधारण २ मीटरच्या फोकसवर असतं, मग ते कुठेही दिसो. त्यामुळे बाण हाताजवळ, अर्ध्या मीटरवर दिसत असेल तर डोळे आत वळतात पण फोकस २ मीटरवरच धरावा लागतो, आणि थोड्या वेळाने डोळे शिणतात. मायक्रोसॉफ्टच्याच सूचनांमध्ये लिहिलंय की चित्रं सव्वा ते पाच मीटर अंतरात ठेवा.

आता बघा, हाताने करायचं काम कुठे असतं? हाताच्या अंतरावर! म्हणजे ज्या कामासाठी हा चष्मा सगळ्यात उपयोगाचा, नेमकं तेच काम त्याच्या आरामाच्या पट्ट्याबाहेर आहे. ही गोष्ट जाहिरातीत कधीच दिसत नाही कारण तिथे माणूस नेहमी मोठ्या इंजिनापासून दोन पावलं लांब उभा राहून हवेत बोट फिरवत असतो. उपाय साधाच आहे, बाण मोठा आणि थोडा वेळ दाखवायचा, काम करताना तो घालवायचा.

शिवाय काचेतून आरपार दिसणाऱ्या चष्म्यांत चित्र म्हणजे समोरच्या दृश्यावर वरून टाकलेला प्रकाश असतो, त्यामुळे काळा रंग दाखवताच येत नाही आणि उन्हात सगळं फिकं पडतं. व्हिजन प्रो, मेटाचा क्वेस्ट ३ यांनी हा प्रश्न कॅमेऱ्याचं चित्र आतल्या स्क्रीनवर दाखवून सोडवला, पण मग चालू मशीनसमोर उभा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतच नसतो, स्क्रीन बंद पडला की अंधार. फिरत्या शाफ्टजवळ मी तरी कोणाला हे घालू देणार नाही.

'एवढं चांगलं आहे तर मायक्रोसॉफ्टने बंद का केलं?'

होलोलेन्स २ ची किंमत ३,५०० डॉलर होती आणि घेणारे मोजके. मोठी आशा होती अमेरिकन सैन्यावर, २०२१ मध्ये दहा वर्षांसाठी जवळपास २२ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार झाला, पण चाचणीत सैनिकांनी डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण अशा तक्रारी केल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काम अँड्युरिल या संरक्षण कंपनीकडे सोपवलं गेलं. ज्यांच्याकडे होलोलेन्स २ आहेत त्यांना सुरक्षेचे अपडेट २०२७ च्या शेवटापर्यंत मिळणार आहेत. यातून एवढंच कळतं की खूप मोठ्या संख्येने विकता येईल असं हे यंत्र नव्हतं. लांबून मदत लागते ती लागतेच, ती आता फोनवर, हलक्या चष्म्यांवर सरकतेय. ज्या कारखान्यांनी सगळी कामाची पद्धतच एका कंपनीच्या चष्म्यावर बांधली त्यांची मात्र पंचाईत झाली आहे.

लांबच्याला काय कळत नाही

वास कळत नाही. जळकट वास येतोय हे इथल्या हेल्परने सांगितलं तरच. बेअरिंग हाताला किती गरम लागतंय, कशी थरथर आहे, हे कळत नाही. आणि फिटरला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोल्ट किती घट्ट झालाय ते बघून समजत नाही, आटे गेलेत हे पान्याला आधी कळतं, डोळ्याला नाही. त्यामुळे चष्मा घातलेल्या माणसाला थोडंतरी काम यावंच लागतं, अगदी कोऱ्या माणसाला चष्मा घालून जाणकार बनवता येतं हा दावा कोणी केला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

जबाबदारीचा प्रश्नही इथेच येतो. लांबच्याने 'लाल वायर काढ' म्हटलं, याने काढली आणि अपघात झाला, तर चूक कोणाची? सप्लाय बंद केलाय, कुलूप लावलंय, टेस्टरने तपासलंय, हे ठरवायचा शेवटचा अधिकार जागेवरच्या माणसाकडेच हवा आणि 'मी थांबतो' म्हणायची मुभाही. स्क्रीनवर सगळं शांत आणि स्वच्छ दिसतं, म्हणून लांबचा माणूस घाई करतो.

'डोक्यावर कॅमेरा म्हणजे पाळतच की'

ही शंका अगदी रास्त आहे. हा कॅमेरा कामगार कुठे बघतो, किती वेळ थांबतो, कोणाशी बोलतो, सगळं टिपू शकतो, होलोलेन्स २ तर डोळ्यांची नजरही टिपतो. कॉल चालू असतानाच कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग होतंय हे समोरच्या सगळ्यांना माहीत, आणि ते कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे लेखी, एवढं तरी आधी ठरायला हवं. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण शॉपफ्लोअरवर खरा फरक युनियनने किंवा कामगारांनी आधी विचारलं की नाही यावर पडेल.

आणि जाणकार झोपलेला असेल तर?

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. चाकणला सकाळी सातची शिफ्ट सुरू होताना तिकडे पहाटेचे साडेतीन. कोणाला उठवणार? नासानेही हा विचार केला होता. साइडकिकमध्ये दोन प्रकार होते, एक खालच्या तज्ज्ञाशी थेट बोलायचा आणि दुसरा आधीच तयार केलेल्या सूचना वस्तूवर एकेक पायरी दाखवणारा. मंगळावर सिग्नल पोचायलाच काही मिनिटं लागतात, अंतर जास्त असेल तर वीसपेक्षा जास्त, तिथे 'हा का तो?' विचारून उत्तराची वाट बघत कोण बसणार.

त्यामुळे जिथे हे गंभीरपणे चालतं तिथे थेट मदतीचे कॉल हळूहळू साठवलेल्या सूचनांमध्ये बदलतात. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला की जाणकाराला फोन करायची गरज राहत नाही, त्याने पहिल्या वेळी काढलेले बाण तसेच पुन्हा दाखवता येतात. कंपनीला हे आवडणारच. पण तीस वर्षं हाताने काम करून जे आलं ते आता कंपनीच्या सर्व्हरवर बाणांच्या रूपात पडलंय आणि निवृत्तीनंतरही वापरलं जाणार आहे, त्याचे पैसे त्या माणसाला वेगळे मिळणार का, हे करारात लिहिलेलं मी तरी अजून कुठे पाहिलेलं नाही.